चित्राची डावी कड

माझे सासरे, आराइती, फोटो काढायची वेळ आली की मागच्या दाराने निघून जात. आमच्या लग्नाच्या फोटोत त्यांचं नुसतं एक कोपर आलंय. अशा माणसाने सिनेमात काम केलं, आणि त्यापायी घरात काय काय झालं ते सांगते.

मी पोको. त्यांचा थोरला मुलगा तेआवा, त्याची मी बायको. लग्न झालं तेव्हा आम्ही ऐतुताकी बेटावरच होतो, सासूसासऱ्यांच्या घरात. मग तेआवा ऑकलंडला गेला, मांसाच्या कारखान्यात लागला. जम बसला की मला नेणार होता. तो गेला त्याच वर्षी आमच्या बेटावर सिनेमावाले उतरले.

सिनेमा दुसऱ्या कुठल्याशा ग्रहावरचा होता. त्या ग्रहावर म्हणे जमीनच नाही, सगळं पाणी, आणि उजेड वरून पडत नाही, पाण्याखालून वर येतो. तसा उजेड त्यांना आमच्या इथे सापडला. प्रवाळाच्या रांगेच्या आतलं पाणी आमच्याकडे कमरेएवढंच, तळाला पांढरी वाळू. भर सकाळी खालीच कुणी दिवे लावल्यासारखं दिसतं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. त्यांना फार वाटलं.

त्यांनी वाळूच्या पट्ट्यावर सिमेंटचा ठोकळा ओतला, त्याच्यावर बोल्टने कॅमेरा आवळला आणि कॅमेऱ्यापुढे दाराएवढी काच उभी केली. एक बाई त्या काचेवर दिवस दिवस आभाळ रंगवत बसायची. दोन सूर्य, आणि कडं असलेला एक अवाढव्य ग्रह. माझ्या सासूबाई, तेपाएरू, त्या लोकांना जेवण करून घालायच्या. त्यांची आणि त्या बाईची गट्टी जमली. भाषा दोघींची वेगळी, पण सासूबाईही रजयांवर फुलं शिवणाऱ्या, त्यामुळे रंगांवरून त्यांचं जमायचं. त्या बाईनेच त्यांना दाखवलं, कॅमेऱ्यातून पाहिलं की खालचं खरं पाणी आणि काचेवरचं खोटं आभाळ कसं एकमेकांना चिकटतं. "पण केसभर हललं की संपलं," ती म्हणाली होती, "सांधा उघडा पडतो."

पापांचं, म्हणजे सासऱ्यांचं, काम माणसं आणि पेट्या होडीतून ने-आण करायचं. एकदा ते होडी धरून कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. उन्हाने नाक सोललेला तो दिग्दर्शक त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "माझा नावाडी मिळाला."

झालं. पापांना अंगभर रुपेरी रंग फासला. हातात द्यायला काठी हवी होती, ती आमच्याच पडवीतून गेली: सासूबाईंची नीरफणस काढायची लांब काठी, तिलाही रुपेरी रंग. काम इतकंच, की चित्राच्या डाव्या टोकाला पाण्यात उभं राहायचं. उजव्या टोकाकडून नायिका पाण्यातून चालत येते, थांबते, घराची वाट विचारते. त्यांनी बोलायचं नाही. फक्त सावकाश हात उचलून दिशा दाखवायची.

त्याला कितीतरी सकाळी लागल्या. कधी ढग यायचा, कधी लाट, एकदा तर पापांच्या डोक्यावर पक्षी येऊन बसला. घरी आले की खोबरेल लावून मी आणि सासूबाई त्यांचा रंग खरवडायचो.

"माशासारखी खवलं काढतेस की काय माझी?" ते ओरडायचे.

"माशाला बरं असतं," सासूबाई म्हणायच्या, "तो तक्रार करत नाही."

मग ती माणसं गेली. पुढे रेडिओवर ऐकलं, की सिनेमा जगभर गाजतोय. असलं दृश्य आजवर पडद्यावर कुणी पाहिलेलं नाही, लोक पुन्हा पुन्हा जाऊन बघतायत. आमच्या बेटावर तो कुठून येणार? पण ऑकलंडला तेआवाने पाहिला, आणि पोस्टात आमच्यासाठी फोन आला. पापांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता, त्यामुळे पोस्टातल्या सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"पापा! घराएवढे दिसता तुम्ही! तुमची भुवई आपल्या दाराएवढी आहे!"

"काहीतरीच."

"शपथ! पडदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तुम्हाला बघायचं तर मान डावीकडे वळवायची, तिला बघायचं तर उजवीकडे. तुम्ही हात उचललात ना, अख्खं थेटर गप्प झालं!"

आता तेआवाबद्दल एक सांगायला हवं. माझा नवरा वाईट नाही, पण त्याने लहानपणी पकडलेला एक मासा दर जेवणाला वीतभर वाढायचा. गावाला हे ठाऊक होतं. पापांना तर सगळ्यात जास्त. तरीही पापांनी हे मानलं. इतकं मानलं, की कधी चार शब्द न बोलणारा माणूस रोंगोच्या दुकानापुढच्या बाकावर जाऊन बसायला लागला. रोंगो त्यांचा शाळेपासूनचा सोबती, दुकानदार, आणि गावातल्या एकुलत्या एक टीव्हीचा मालक. तो रोज विचारायचा, "आज भुवई केवढी?" आणि पापा न रागावता दार दाखवायचे.

सिनेमाची कॅसेट निघाली ती पुढच्या वर्षी. तेआवा नाताळला आला तो ती घेऊनच. विमानातून उतरला, गळ्यात हार पडत होते, तरी पिशवी काही कुणाच्या हातात देईना.

शनिवारी दुपारी चर्चच्या सभागृहात दाखवायचं ठरलं. रोंगोचा टीव्ही आणि व्हिडिओ चौघांनी उचलून आणला. अंधार करायला बायकांनी खिडक्यांवर आपल्या ठेवणीतल्या रजया टांगल्या. पापा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. पाळकसाहेब त्यांच्या शेजारी.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्यांदा पाणी दिसलं तेव्हा जो गलका झाला! आमचंच पाणी, पण त्यावर दोन सूर्य. लोक बोटं दाखवून ओरडत होते, "तो बघ, मोठ्या भरतीचा दगड!" "अगं, तिथे तर मी शिंपले गोळा करते!" लहान मुलांना खरंच वाटलं की बेटाच्या पलीकडच्या अंगाला एक ग्रह आहे आणि आपल्याला कुणी नेऊन दाखवला नाही.

मग तो प्रसंग आला. नायिका पाण्यातून चालत आली. थांबली. तिने वाट विचारली.

कुणाला विचारली? समोर कुणीच नव्हतं. मोकळं पाणी. टीव्हीवर ती एकटीच, डावीकडे बघतेय. चित्र जरासं सरकलं, पुन्हा परत आलं. ती मान हलवून "आभार" म्हणाली आणि निघून गेली.

मागच्या लोकांनी माना पुढे काढल्या.

"मागे घे," रोंगो म्हणाला.

मागे घेतलं. पुन्हा तेच. बाईने पाण्याला वाट विचारली, पाण्याचे आभार मानले.

रोंगो उठला, टीव्हीच्या मागे गेला, वाकून पाहिलं. "आराइती," तो तिथूनच म्हणाला, "इथे पण नाहीस रे!"

सगळं सभागृह हसलं. पापाही हसले. ते हसले तेच मला बघवलं नाही.

तेआवा उभा राहिला होता. "होते! इथे होते ते! देवाशपथ!"

"शपथ नको, तेआवा," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

घरी आल्यावर पापा सदरा काढून, घडी घालून नारळ किसायला बसले. तेआवा त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

"पापा, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"हो."

"मग असे का बोलताय?"

"कसा बोलतोय?" पापांनी किसणं थांबवलं नाही. "मला बरं वाटावं म्हणून म्हणालास. मुलगा लांब गेला की असं बोलतो. मीही माझ्या आईशी बोललोय. हरकत नाही."

"म्हणजे मी खोटं बोललो?"

"हरकत नाही म्हटलं ना."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर तेआवाने पाच परत दिल्या असत्या आणि जेवायच्या वेळेपर्यंत भांडण मिटलं असतं. पण 'हरकत नाही'ला उत्तर काय देणार? नवं वर्ष उजाडायच्या आधीच त्याने परतीचं विमान धरलं. कॅसेट टेबलावर तशीच राहिली.

ती पुन्हा पाहिली सासूबाईंनी. मला घेऊन रोंगोकडे गेल्या, त्याच्या बायकोच्या हातात तारोचे उकडलेले कंद ठेवले आणि म्हणाल्या, "तेवढाच भाग लाव." दोनदा मागे घ्यायला लावलं. तिसऱ्या वेळी टीव्हीजवळ सरकल्या.

"पोको, ते बघ. डावीकडे. काय आलं ते आत?"

पडद्याच्या कडेतून क्षणभर काहीतरी बारीक, रुपेरी आत आलं आणि गेलं.

"काठीचं टोक," मी म्हणाले.

"माझी काठी. तिला वर आकडा आहे, नीरफणस ओढायचा. आणि दुसरं सांग. हे चित्र का सरकतं?"

"कॅमेरा फिरवला असेल, आई."

"कॅमेरा फिरत नव्हता! सिमेंटमध्ये बसवला होता. हलला असता तर त्या बिचारीचं आभाळ पाण्यापासून सुटलं असतं. त्याच्यावरून तिने एका माणसाला झापलं होतं, माझ्यासमोर. मग चित्र सरकतंय कसं?"

आम्ही दोघी बघत राहिलो. मग त्यांनीच हातातला रुमाल पसरला, त्याच्यावर चौकोनी डबा ठेवला आणि डबा रुमालावरून इकडून तिकडे सरकवला. "चित्र रुंद आहे. टीव्ही अरुंद. कुणीतरी बसून ठरवलंय, कुठला तुकडा दाखवायचा. जी बोलते ती ठेवली, जो गप्प उभा आहे तो कापला."

संध्याकाळी त्यांनी पापांना हे सगळं सांगितलं, रुमालासकट. पापांनी ऐकून घेतलं.

"असेल," म्हणाले, आणि जाळं शिवायला घेतलं.

रोंगोला कळलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सिनेमात आहे, पण सिनेमाच्या बाहेर उभा आहे! तेपाएरू, तेआवा तुझ्यावरच गेलाय गं."

पुढे तेआवाने मला ऑकलंडला नेलं. मुलं झाली. तिथे मी चौकशी केली, तेआवाने थेटरांतून केली. तो सिनेमा कधीच उतरला होता, कुठे लागत नव्हता. कॅसेट मात्र दर दुकानात, सगळीकडे तीच कापलेली. घरी फोन केला की पापा हवापाण्याचं बोलत, माशांचं बोलत आणि "आईला देतो" म्हणत. भांडण नव्हतं. नुसतं त्या एका गोष्टीच्या कडेकडेने दोघं चालत होते, भिंतीवरच्या ओल्या रंगाला अंग लागू नये तसे.

एकदा ताट धुता धुता तेआवा मला म्हणाला, "पोको, मी खरंच पाहिलं होतं का?"

"म्हणजे?"

"नवीनच आलो होतो. कारखान्यातली पाळी संपवून तसाच थेटरात गेलो होतो, झोप नव्हती. आपलं पाणी दिसल्यावर मला कसंतरीच झालं. कुणास ठाऊक, मीच त्यांना तिथे उभं केलं असेन."

मी त्याला काठीच्या टोकाची आठवण दिली. तो म्हणाला, "काठी असेल. पण काठीला धरून ते होते का?" मी त्याच्या हातातलं ताट घेऊन पुसायला लागले.

कॅसेटींचा जमाना सरून डीव्हीडीच्या चकत्या आल्या. एके दिवशी ऑकलंडमधल्या मांगेरेच्या बाजारात दुकानाच्या काचेत मला कडं असलेला तो ग्रह दिसला. मी थबकलेच. खाली लिहिलं होतं: नवी आवृत्ती, पूर्ण रुंदीचं चित्र, थेटरात होतं तसं.

गल्ल्यावरची बाई म्हणाली, "आधीच सांगते हं ताई, वरखाली काळ्या पट्ट्या येतात. लोक बिघडलीय म्हणून परत आणून देतात."

"येऊ देत पट्ट्या," मी म्हणाले.

तेआवा कामावरून आला तेव्हा मी चकती लावून तयार ठेवली होती. खोका पाहिल्यावर तो म्हणाला, "मला भूक लागलीय." मी त्याच्या हातात ताट दिलं आणि त्याला टीव्हीसमोरच बसवलं. मुलंही येऊन बसली. आमचा टीव्ही लहान, त्यात काळ्या पट्ट्या. चित्र म्हणजे हातभर लांब फीत. पण त्या फितीत ते पाणी काय दिसलं! उजवीकडून डावीकडे नुसतं पसरलेलं, खालून पेटलेलं, आणि वर ते रंगवलेलं आभाळ, सांधा कुठेच दिसत नाही. कॅसेटवर आम्ही त्याचे तुकडे पाहिले होते.

नायिका उजवीकडून आली. थांबली. आणि डाव्या टोकाला, काठी घेऊन, पापा उभे.

काडीएवढे. पण पापाच. एक खांदा जरा खाली, होडी ओढून ओढून झालेला. त्यांनी सावकाश हात उचलला.

"कोण आहे ते?" धाकटीने विचारलं.

तेआवा पडद्याकडे सरकला. घास तोंडात तसाच होता. मी म्हणाले, "तुझे आजोबा."

"आहेत," इतकंच तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, माझ्याकडे बघून, "आहेत गं."

फोनवर त्याने काही सांगितलं नाही. सुट्टी मिळाल्यावर आम्ही सगळेच घरी गेलो. पापा आता थकले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. रारोटोंगा बेटावरच्या मोठ्या दवाखान्यात चला म्हणून सासूबाई मागे लागल्या होत्या, तर "बघण्यासारखं काय राहिलंय, तुला तर पाठ केलंय," म्हणून ते उडवून लावत होते.

पुन्हा तेच सभागृह. टीव्ही आता पाळकसाहेबांचा होता. काळ्या पट्ट्या दिसताच मागून रोंगो ओरडला, "अर्धा टीव्ही कुठे गेला? तेआवा, आता टीव्ही पण खाल्लास?"

"रोंगोकाका, गप बसा जरा."

तो प्रसंग आला. एकदम ओरडा झाला. बायका उठून उभ्या राहिल्या. "आराइती! तो बघा आराइती!" तेआवाने चित्र तिथेच थांबवलं. रोंगो काठी टेकत पुढे आला, टीव्हीला नाक लावून पाहिलं, मागे वळला आणि काही बोललाच नाही. त्याला गप्प झालेलं मी तेव्हाच पाहिलं.

फक्त पापा तसेच बसून होते. मान इकडे तिकडे करत. "कुठे?" त्यांनी विचारलं. "मला नुसता उजेड दिसतोय."

तेआवाने त्यांना हाताला धरून टीव्हीपाशी नेलं. त्यांचं बोट धरून काचेवर डावीकडे ठेवलं.

"इथे."

"एवढाच?"

"थेटरात घराएवढे होतात, पापा."

"असेन." बोट त्यांनी उचललं नाही. "काय करतोय मी?"

तेआवाने आईकडे पाहिलं. सासूबाईंनी उत्तर दिलं. "उभा आहेस. हात वर केलायस. पोट आत ओढलंयस."

सगळे हसले. या वेळेला पापांचं हसू सगळ्यात मोठं.

हसणं ओसरल्यावर ते तेआवाला म्हणाले, हळू, पण मी जवळच होते, "मी तुला खोटं ठरवलं होतं."

"तुम्ही तसं म्हणाला नव्हतात."

"म्हणालो नव्हतो. ठरवलं होतं. तू इतक्या लांब एकटा होतास आणि मी तुला ते डोक्यावर देऊन पाठवलं."

तेआवाने त्यांच्या खांद्यावर, त्या खाली झुकलेल्या खांद्यावर हात ठेवला. दोघं तसेच उभे राहिले. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, पुढचा सिनेमा दाखवणार आहात का नाही, तेव्हा कुठे बसले. सिनेमा संपल्यावर बाहेर पानांवर जेवण वाढलं होतं, उमूतून, म्हणजे जमिनीतल्या भट्टीतून, काढलेलं डुक्कर, तारो, नारळाच्या दुधात मुरवलेला मासा. पापांच्या पानात रोंगोने स्वतःच्या हाताने वाढलं.

दोन दिवसांनी पापा आपणहून म्हणाले, "तो डोळ्यांचा डॉक्टर कधी असतो रे?"

तेआवा त्यांना घेऊन रारोटोंगाला गेला. बापलेक तिथे नातेवाइकांकडे राहिले, दोन्ही डोळे होईपर्यंत. परत आले तेव्हा पापांनी मला पाहून पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "पोको, जाडी झालीस गं." म्हटलं, ऑपरेशन उत्तम झालं.

मग त्यांनी ती चकती लावायला सांगितली. फक्त घरचेच होतो. त्यांनी स्वतःला पाहिलं, हात उचलताना पाहिलं. तेआवा त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"इथे थांबव," पापा म्हणाले. उठून जवळ गेले, पण स्वतःकडे बघायला नव्हे. नायिकेच्याही मागे, उजव्या टोकाला, पाण्यावर एक काळा ठिपका होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"ही माझी होडी. त्या लोकांनी नीट बांधली नव्हती, सारखी सुटायची. मी सकाळभर तिच्याकडेच बघत होतो."

"म्हणजे दिशा दाखवत नव्हतात?" तेआवाने विचारलं.

"दिशा कसली! हात वर करा म्हणाले, केला. मनात एकच, ही आता प्रवाळावर आपटणार." ते खाली बसले आणि पाय लांब केले. "लाव पुढे. त्या मुलीला घर सापडतं का ते मी अजून पाहिलेलं नाही."